मायच्या चोळीचं माप

बाबा, तुमची मोठी कात्री अजून त्याच खुंटीवर आहे, मशीनच्या मागच्या भिंतीवर. तुम्ही गेलात तेव्हा माझा हात तिथवर पुरत नव्हता, स्टुलावर चढावं लागायचं. आता मी तुमच्याहून उंच असेन, आणि दुकानही मीच चालवतो. वरोऱ्याचा बाजार तसाच आहे. कापसाच्या बंड्या आल्या की धूळ उडते, आणि तुम्ही शिव्या देत फडक्यानं मशीन झाकायचे तसं मीही झाकतो, शिव्यांसकट. मधली काही वर्षं मी नागपूरला कॉलेजात होतो. तुमच्या मागं मायनं बाजारातल्या साऱ्या दुकानांची काजं-बटनं करून मला शिकवलं. ते शिक्षण अर्ध्यात टाकून मी आलो. का आलो ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो मलाच अक्कल शिकवतो आणि मग माझं डोकं फिरतं.

दिवाळीत घरी आलो तर माय डाव्या हातानं पाणी ओढत होती. विचारलं तर म्हणे, "काई नाई, लचकला हात." लचकला नव्हता. उजव्या छातीत गाठ होती, आणि ती किती दिवसांची होती हे तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. कॅन्सर निघाला. छाती काढली, बगलेतल्या गाठीही काढल्या. सुटी मिळाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. जखम भरली आहे, म्हणाले, पण त्या बाजूला आणि हाताला सूज येत राहील. क्रेपची पट्टी सरकते, सुटते, तेव्हा अंगाला नीट बसेल असं काहीतरी शिवून घ्या, दिवसभर घालायला. घट्ट हवं, पण सगळीकडे सारखं. एका जागी काचलं तर सूज वाढेल. आणि व्यायाम म्हणून रोज त्या हाताच्या बोटांनी भिंत चढायची, काल जिथवर गेलात त्याच्या थोडं वर. नाही केलं तर हात कायमचा जड होईल. बाबा, तो तिचा काजाचा हात. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तुम्ही शिंप्याच्या पोराशी बोलून राह्यले." ते हसले. मी हसलो नाही.

पण शिवायला बसलो आणि तुमच्याच शब्दाला अडलो. आठवतं का, एक बाई ओट्याशी उभी होती आणि मी मोठ्या ऐटीत तुमच्या गळ्यातला टेप ओढून तिच्या दंडाला लावायला गेलो? तुम्ही माझ्या बोटांवर फूटपट्टी हाणली. "बाईच्या अंगाले टेप लावाचा नाई. नमुना मागाचा." तेव्हापासून आजवर तोच रिवाज आहे. बायका जुनं झंपर नाहीतर चोळी आणतात, मी ती मापतो, तशीच नवी शिवतो. आणि माय तर तुमचीच बायको. तिनं ट्रंकेतून अंजिरी चोळी काढली, तुम्ही शिवलेली, आणि माझ्यापुढे ठेवली. "हे घे नमुना."

"माय, हे आता नाई चालत."

"काऊन नाई चालत? तुह्या बापानं शिवली हाये. याहून चांगला नमुना सापडन का तुले?"

शिवली तशीच. उजवीकडे फुगा राहिला आणि बगलेत काच बसला. दुसरी अंदाजानं शिवली, तिची शिवण नेमकी जखमेच्या वणावर आली. तिसरी तिनं दुपारपर्यंत घातली आणि काढून ठेवली. हात असा सुजला की सुई बोटांत राहीना. संध्याकाळी ती काजं घ्यायला बसे, सुई पडे, आणि ती उगाच कंदिलाची वात मोठी करी, जणू उजेडच कमी आहे. मी चौथ्यांदा म्हणालो की नीट माप घ्यावं लागेल. ती म्हणाली, "नमुना देल्लाच हाये."

अशात शेजारची काकू झंपर न्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, "बाप्पा, मायच्या गिलासानं पानी नोको पेत जाऊ. लागते हे बिमारी." मी तिचं अर्धं शिवलेलं झंपर उचललं आणि भर रस्त्यात फेकलं. माय आतून आली. काकूला सोडून मलाच बोलली, "गिऱ्हाईकाचं कापड धुळीत? उचल. झटक." मी उचललं, झटकलं. "हात तुह्या बापाचा आला," माय म्हणाली, "हे डोकं कोनाचं आनलं बाप्पा?"

समोरच्या मुलींच्या शाळेच्या पायरीवरून हा तमाशा एकजणी पाहत होती. शाळेतली नवी मास्तरीण. चांद्याची आहे, इथे रेल्वेतल्या भावाकडे राहते. तिच्याबद्दल तुम्हाला इतकंच सांगतो की शाळा सुटल्याची घंटा झाली की माझं मशीन आपोआप थांबतं. मायच्या सुजेचं आणि माझ्या फसलेल्या चोळ्यांचं साऱ्या बाजाराला ठाऊक होतं; त्या दिवशी घंटा झाली आणि ती सरळ दुकानात आली. "झंपर फेकून सूज उतरत नाही," म्हणाली. "माप घेतलं का?"

"कोण घेणार? मी मुलगा आहे."

"टेप द्या इकडे."

मी मधला पडदा ओढला आणि खडू घेऊन टेबलाशी उभा राहिलो. आतून मायचा आवाज आला, "नोको बाई, पाह्यन्यासारखं नाई रायलं आता." ती म्हणाली, "मावशी, मी रोज वर्गभर पोरींच्या उवा पाह्यते. मले काय दाखवता तुम्ही?" बाबा, ते थांबणं मला कॉलेजच्या कुठल्याही परीक्षेहून लांब वाटलं. मग पातळाची सळसळ झाली आणि आकडे येऊ लागले. छाती. छातीखाली. डावा दंड दहा. उजवा साडेबारा. माझा खडू तुटला. उरलेल्या तुकड्यानं लिहीत गेलो. कोपर. मग म्हणाली, मनगट साडेसहा.

"काय?"

"साडेसहा!"

"पुन्हा सांगा."

"साडेसहा हो! कान शिवून घेतले का तुमचे?"

आणि माय हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, पडद्यामागे, चांगली मोठ्यानं.

मग मी थांबलो नाही. लंकलाटाचं पांढरं सुती कापड धुऊन आटवून घेतलं. तुम्ही म्हणायचे, उभ्या धाग्याचं कापड ऐकत नाही, तिरपं कापलेलं ऐकतं. म्हणून सगळं उरेब कापलं, मापाहून जरासं कमी धरून, म्हणजे ते अंगाबरोबर ताणेल आणि परत जागेवर येईल. उजवी बाही मनगटापर्यंत. शिवणी साऱ्या बाहेरून, वणाला टोचू नयेत म्हणून. पुढे नाड्या, डाव्या हातानं बांधता याव्यात अशा, सूज वाढली की सैल करता येतील अशा. मास्तरणीनं आत जाऊन चोळी घालून दिली. मी पडद्याबाहेरून विचारलं, "कसं वाटते माय?" "कोनी धरून ठेवल्यावानी," म्हणाली.

तेव्हापासून ती रोज भिंत चढते. बोटांना माझा खडू लावते, म्हणजे कालची खूण दिसते. तुमच्या खुंटीखाली आता पांढऱ्या बोटांची रांग झाली आहे, गिऱ्हाइकं विचारतात आणि मी सांगत नाही. रोग परत येईल का ते डॉक्टर सांगत नाहीत. दाखवायला बोलावतील तेव्हा नेईन. पण आज दुपारी मी काकूच्या नव्या झंपराला हुक लावत होतो, आणि मागे लोखंड वाजलं. माय उभी होती. उजव्या हातात खुंटीवरची तुमची कात्री. तिनं ती टेबलावर ठेवली, तिच्या शेजारी धुतलेली नवी चोळी ठेवली. "अजून एक शिव. धुवाले-घालाले दोन पाह्यजे. हे घे नमुना."

"आन् ते अंजिरी?"

"ते ठेवाची हाये. शिवाची नाई."

हे सारं खाकी कागदाच्या पाठीवर लिहितो आहे. सकाळी यातूनच दुसऱ्या चोळीच्या बाहीचा कागदी साचा कापेन, त्यामुळे तुम्हाला पोचवायचा प्रश्न नाही. रविवारी मी मास्तरणीच्या भावाकडे जाणार आहे, तिला मागणी घालायला. तो मला अर्धवट शिकलेला शिंपी म्हणेल. म्हणू दे. मायनं बजावलं आहे, "तिथी तोंडात टाचण्या धरल्यावानी बसजो." बसेन. दुकान चालतं आहे, मायचा हात चालतो आहे, आणि मला काय येतं हे आता मला पक्कं ठाऊक आहे.

एक मात्र तुम्हालाच सांगतो, मायला सांगू नका. मनगटाचा आकडा मी पहिल्याच वेळी ऐकला होता.