माझी गाठ, पुसदचे घर आणि मोनाली

मी साधना उकंडा खडसे, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार पुसद. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही. माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे लिहून ठेवते.

कलम १. राहते घर माझा भाऊ धम्मरत्न याची मुलगी मोनाली हिला द्यावे. कारण सांगते. मानेला गाठ आली तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी टी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग, सांगितला. ते म्हणाले, "या पेशी रोगाशी लढतात आणि काम झालं की आपोआप मरतात. गाठीतल्या पेशींच्या जनुकात बदल झालाय, म्हणून त्या मरतच नाहीत."

ही गोष्ट गावभर झाली आणि मोनालीची ठरलेली सोयरीक मोडली. मुलाचा मामा आमच्या दारात म्हणाला, "पोरीच्या रक्तातच रोग असन." मोनालीने मला विचारले, "आत्या, मलेबी होईन काय वं?" स्वतःच्या मरणापेक्षा तो प्रश्न मला जड गेला.

मी डॉक्टरांच्या मागे लागले. त्यांनी गाठीचा तुकडा आणि माझ्या गालाच्या आतला नमुना, दोन्ही तपासले. बदल फक्त गाठीत निघाला. घराण्यातून आलेला नव्हता.

हे कळताच मुलाचा मामा सोयरीक पुन्हा जुळवायला पेढे घेऊन आला. मी तोंड उघडायच्या आत मोनाली म्हणाली, "आमचं तपासून झालं. आता तुमचं तपासा." तो निघून गेला, पेढे आम्ही खाल्ले. त्याला माझ्याकडून काहीही देऊ नये.

कलम २. पहिल्या औषधांना गाठ बधली नाही. दुसऱ्या औषधांनी त्या हट्टी पेशी मेल्या. आता तपासणीत काही सापडत नाही. गाठीचा उरलेला नमुना संशोधनासाठी प्रयोगशाळेतच राहावा, माझा देहही वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. बुद्धवंदना घ्यावी, रडारड नको.

कलम ३. खो-खोचे खांब आणि शिट्टी शाळेतल्या मुलींच्या संघाला, ज्याला मी निवृत्तीनंतरही शिकवते.

कलम ४. मोनालीने पुढे स्वतःच्या पसंतीने अश्वजितशी लग्न केले. औषधांनी गेलेले माझे केस तेव्हा नुकते उगवत होते. रुमाल न बांधता मी वरातीत नाचले. त्या दिवशीचे निळे लुगडे तिलाच द्यावे.

कलम ५. अंमलबजावणी धम्मरत्नने करावी, पण घाई करू नये. उद्या मला मुलींना घेऊन महागावला सामन्याला जायचे आहे.

सही: साधना उकंडा खडसे

आमच्यासमोर सही केली:
१. नेमसिंग राठोड, शेजारी
२. इंदुताई देशमुख, सहशिक्षिका

पुसद, जि. यवतमाळ
१२ जानेवारी २०२५