तू घरी दिसावीस म्हणून

आई,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. तू जाऊन चार महिने झाले. फोटोला हार घालताना दादा रडला, मी नाही. आज लिहितेय ते कालच्या प्रकारामुळे.

काल शाळेत जायला निघताना माझी आठ वर्षांची अनू दारात वाकली आणि तिने उंबऱ्याला तीनदा हात लावला. मी विचारलं, "काहून गं?" ती म्हणाली, "तू संध्याकाळी घरी दिसावीस म्हणून."

हे तिने माझं बघून उचललं. पण मला ती सवय कशी लागली, हे तुला कधी कळलं तरी का?

शिरड शहापूरच्या घरात बाबांशी तुझं भांडण होवो, नाहीतर माझ्या हातून दूध उतू जावो, तुझं बोलणं एकच. "सांजच्याला येशील तवा मी न्हाई दिसणार. जाते सिद्धेश्वरला, भावाकडं. मंग बसा." मी सात वर्षांची होते. वर्गात बसून मी विचार करायची, आई आता गेली असेल का? म्हणून सकाळी उंबऱ्याला तीनदा हात लावायला लागले. लावला की तू घरी असायचीस.

एक दिवस गडबडीत विसरले. आले तर तू खरंच गेली होतीस. नऊ दिवस. परत आलीस तेव्हा मी तुझ्या कमरेला मिठी मारली. माझे हात सोडवत तू म्हणालीस, "आता समजलं ना, माझ्याबिगर कसं असते ते?"

समजलं ना. लग्न होऊन हिंगोलीला आले तरी ते समजणं सुटलं नाही. गजानन टेम्पो घेऊन वारंगा फाट्याकडे गेला की मी फोनवर फोन करायची. "येऊन राहिलो" असं त्याने दोनदा म्हणायला हवं. एकदाच म्हणाला तर पुन्हा फोन. गॅस पाच वेळा बघायचा, कुलूप सात वेळा ओढायचं. तो वैतागून विचारायचा, "मी काय पळून चाललो का?" मला नेमकं तेच वाटत असायचं.

शेवटी त्यानेच मला नांदेडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "हा मंत्रचळ आहे. जवळचं माणूस सोडून जाईल ही भीती ज्यांच्यात मुरलेली असते, त्यांच्यात तो जास्त दिसतो. पण सगळ्यांनाच होतो असं नाही, आणि एकट्या आईमुळेच झाला असंही म्हणता येत नाही." हे शेवटचं मला आवडलं नाही. तुला एवढी तरी सूट कशाला?

तू गेलीस त्या दुपारी दादाचा फोन आला, "आईचं बराबर न्हाई, लगेच निघ." मी निघाले. कोपऱ्यावरून कुलूप बघायला परत आले, चार वेळा. एसटी गेली. दुसरी मिळून पोहोचले तोवर तू नव्हतीस. दादा म्हणाला, "सारखी दाराकडं बघून राहिली होती. मंगल आली का, मंगल आली का, करत होती."

ते ऐकून मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. लाज नंतर वाटली, पण आधी बरं वाटलं.

आणि आता तुला आवडेल असं एक सांगते. गेल्या महिन्यात अनूने सांगितलेलं ऐकलं नाही, तेव्हा मी ओरडले, "मी जाते आता, मंग बस." शब्द तुझेच, आवाजही तुझाच. पोरगी संध्याकाळभर माझा पदर धरून फिरली. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. अनूने आजी कशी होती असं विचारलं तर खरं सांगणार. तुझ्यासारखी ज्वारीची भाकर कुणाला जमली नाही, हेही सांगेन. आणि लेकराला भीती घालून तू जवळ बांधून ठेवायचीस, तेही.

पण एक शब्द देते. जायची भाषा पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाही. आणि अनूचा माझ्यावर राग असेल तर तिने तो मी जिवंत असताना माझ्या तोंडावर बोलून दाखवावा. मी ऐकून घेईन, आणि जागची हलणार नाही.

मंगल