तेच सहा सूर

३ मार्च

"तू कुठेही भरकट, मी आहे तिथेच सापडेन." — ताईचं वाक्य. मी फ्रॉक घालायचे, तेव्हा एका पियानोवर आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र वाजवायला बसलो होतो.

आज संगीतकार महाशयांनी तेच कागदावर उतरवून आणलं आणि त्याला नवी रचना म्हणाले! दोन पियानो, सहा सूर. ताई ते सहा सूर एकाच गतीत घोळवत राहणार. मी केसभर जास्त वेगाने सरकत तिच्या एक सूर पुढे जाणार, मग दोन, मग तीन... असं करत फेरी पूर्ण करून पुन्हा तिला गाठणार. पाऊण तास! चाल नाही, कडवं नाही. "हे संगीत संपत नाही, थांबतं," इति महाशय. वाजवणारीचं कंबरडं मात्र संपतं.

५ मार्च

घरी सराव. नवरा दारातून — "अडकलंय का काही?" वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात — "पियानो दुरुस्त करणारा अजून गेला नाही का गं?" रसिकांची पावती!

९ मार्च

तरी खरं सांगू? आज मी दोन सुरांच्या मधेच कुठेतरी होते, आणि आमच्या दोघींच्या वाजवण्यातून तिसरंच काही ऐकू यायला लागलं. एक चाल — जी कुणाचीच बोटं वाजवत नव्हती! डोळे भरून आले. महाशयांना सांगणार नाही, डोक्यावर बसतील. ताईला विचारलं, "ती चाल ऐकलीस?"

"कुठली चाल? तू नीट मोजत जा!"

झालं. रडू परत गेलं.

१२ मार्च

खरं अवघड काम ताईचं. समोरची पुढे ओढत असताना जागचं हलायचं नाही. भलेभले ओढले जातात — बरोबर चालताना पावलं जुळतात, तसे. ताई ढिम्म! महाशय भारावून — "इतका स्थिर हात मी पाहिला नाही!"

"हात कसला, हट्ट आहे तो," ताई म्हणाली. सगळे हसले. कार्यक्रमाच्या पत्रकावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत येणार म्हणे. मी जळून खाक.

१६ मार्च

महाशय फोनवर बोलायला बाहेर गेलेले. माझं पान घसरून खाली पडलं. उचललं, आणि पुन्हा कुठून सुरू करावं ते कळेना, म्हणून हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पियानो समोरासमोर — एकमेकींचे फक्त चेहरे दिसतात. ताई वाजवत होती. तिच्या कागदावर मी तिला गाठते ती जागा आली. तिने मान वर केली आणि हसली. आमची नेहमीची खूण — जमलं!

मी वाजवतच नव्हते.

मीही हसले. काय करणार होते?

१७ मार्च

तिला मी ऐकू येत नाही. हट्ट नाही, हात नाही — एवढंच.

ऐकवेल मलाच — "हल्ली लोक पुटपुटतात, त्याला मी काय करू?" नाहीच म्हणेल. तरी उद्या तिच्यासमोर बसून मोठ्याने म्हणणार आहे — ताई, एकदाच, माझ्याबरोबर कान तपासायला चल.