एदेनबागेतल्या सापाचा चेहरा

मी हॉविस, पोथ्या रंगवणाऱ्या वॉरिनची विधवा, राहणार लिंकन. पाय सुजलेले पण डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने नव्हे तर दिराला पुरती ओळखून, माझ्यामागची ही व्यवस्था सांगते आहे. लिहून घेणारे आमचे फादर एलियास.

आत्मा देवाला. देह चर्चच्या आवारात, वॉरिनपासून जरा अंतर राखून. जन्मभर त्याचं घोरणं ऐकलं, तेवढं पुरे.

तांब्याची कढई शेजारीण मॉल्डला. ती तिच्याकडेच आहे, निदान आता मागायला जायला नको.

दीर ऑस्बर्ट यांना सापाचं एक चित्र. गारुड्याचा मंत्र ऐकू येऊ नये म्हणून हा साप एक कान जमिनीला टेकवतो आणि दुसऱ्यात शेपूट खुपसतो. अर्थ असा की लोभी माणूस चांगलं सांगितलेलं ऐकत नाही. त्यांनी ते भिंतीवर लावावं.

इथे फादर थांबले. "बाई, हे असंच लिहू?"

"लिहा. गोड बोलायचं असतं तर गप्पच मेले असते."

दुकान, म्हणजे रंग, खल, सोन्याचा वर्ख, कोरी चर्मपत्रं आणि मठाकडून येणारं काम, हे सगळं माझी मुलगी अमिस हिला. ऑस्बर्ट भाऊजींचं म्हणणं वेगळं आहे. "वहिनी, पोरीच्या हाती मठ पोथी देईल का? दुकान माझ्या नावावर करा. तिला दोन वेळचं जेवायला घालीन." उपकार आहेत. भाऊजींनी रंगवलेला सिंह मठाने बेडूक समजून ठेवून घेतला होता.

अमिसलाच का, तेही सांगते. प्राण्यांच्या पोथीत वॉरिनने एदेनबागेतला साप काढला होता. त्या सापाला बाईचं तोंड द्यायची रीतच आहे, सगळा दोष एकट्या सापावर कशाला ठेवायचा? आदल्या दिवशी पेजेतल्या मिठावरून आमचं भांडण झालेलं, त्यामुळे तोंड माझं आलं. हा साप म्हणजे सैतान, आणि चित्रात सैतान दिसला की त्याचं तोंड चाकूने खरवडायची मठातल्या ब्रदर लोकांना भारी हौस. पुण्य लागतं म्हणे. वर्षानुवर्षं त्यांनी मला भक्तिभावाने खरवडलं, आणि बाजारात भेटले की तब्येत विचारली.

या उन्हाळ्यात तिथे भोक पडलं आणि पोथी दुरुस्तीला आली. अमिसने ठिगळ लावलं.

"आई, कोणाचं तोंड काढू? काकांचं काढते."

"मठाला बाईचंच लागतं. माझं काढ."

"मग इकडे बघ. आणि जरा बोलायची थांब."

वॉरिनने मला रागाच्या भरात, न बघताच काढलं होतं. ही पोर मला खिडकीपाशी बसवून उजेड जाईपर्यंत बघत राहिली. सुरकुत्या, पडलेला दात, काहीच सोडलं नाही. इतकं निरखून मला कधी कोणी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, तर म्हणाली, "हलू नकोस."

पोथी न्यायला मठाचे ग्रंथपाल आले. त्यांनी पान पाहिलं, मग मला पाहिलं, आणि पुढची पोथीही अमिसलाच द्यायची कबूल केली. ब्रदर लोक पुन्हा चाकू काढतील, खुशाल काढू देत. माझ्या मुलीने मला एकदा नीट पाहिलं आहे. दुकान तिचं.

हॉविस (स्वतःची सही)

साक्षीदार: हॅमो, चर्मपत्रं बनवणारा. ऑस्बर्ट, दीर, फुली नाराजीने.

लिंकन, संत मार्टिनच्या सणाची पूर्वसंध्या, इसवी सन १२६८.