तारेचं भवितव्य उज्ज्वल

३ फेब्रुवारी २०१३, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या रोजनिश्या पुढे उपयोगी पडतात. नेकनूरच्या आमच्या तार उत्पादक सहकारी संस्थेचा मी अध्यक्ष. प्रोजेक्ट रिपोर्ट आला, बत्तीस पानं. माइल्ड स्टील म्हणजे कार्बन कमी. वाकवलं तर वाकतं, तुटत नाही. मार्केट आउटलुक: उज्ज्वल. हे पान दोनदा वाचलं. बाकीची सावकाश.
नळाला सोळा दिवसांनी पाणी, तेही पिवळं. सभासदांच्या अंगाचा वास मारतो. किळस येते.

११ फेब्रुवारी
मशीन सुरू. जाड सळई साच्याच्या भोकातून ओढली की बारीक तार. सेक्रेटरी बद्रीनाथ म्हणाला, ओढल्यावर तार कडक होते, भट्टीत तापवून मऊ करावी लागते, पान एकोणीस बघा. भट्टी म्हणजे डिझेल. मी म्हणालो, आपल्या उन्हात लोखंड फुकट तापतं. सगळे हसले. मी विनोद केला नव्हता. तार पत्र्यावर वाळत घातली.

२० फेब्रुवारी
मांजरसुंब्याला स्लॅबच्या सळया तारेने बांधणाऱ्या सेंटरिंगवाल्या सटवाला नमुना दाखवला. त्याने सळईभोवती दोन पीळ दिले, तार तुटली. दुसरीही तुटली. तंबाखू थुंकून म्हणाला, सायेब, ही तार हाय का शेवई? शिंतोडे माझ्या बुटावर. ढाब्यावर चहात माशी. ढाबेवाल्याने ती बोटाने काढली आणि कप पुन्हा पुढे केला. शी.
संकल्प: अडाण्यांना माल दाखवायचा नाही.

१ मार्च, दुपारी
डोकं असावं तर असं. गावाबाहेरच्या दुष्काळी चारा छावणीत उसाच्या मोळ्या सुतळीने बांधून येतात. छावणी चालवणाऱ्या त्रिंबकला तार पटवली. सगळी उचलतो म्हणाला.
बायको शिवकन्या महिन्यापासून म्हैस घेऊन छावणीतच राहते. म्हशीच्या दुधावर घर चालतं असं तिला वाटतं. इकडे माझं पिठलं करपलं. भांडं घासायला पाणी नाही, म्हणून त्यातच पुन्हा पिठलं.

१४ मार्च
छावणीत गेलो. शेण, गोमाश्या, मुताचा चिखल. बायका मोळी सोडत बसत नाहीत, तारेसकट कोयत्याने तोडतात. तुकडे चाऱ्यात. शिवकन्या म्हणाली, ही जनावराच्या पोटात जाती, सुतळीच बरी व्हती. मी समजावलं की जनावर तार थुंकून टाकतं. तिने विचारलं, तुमी कवा बघितलं? मी विषय बदलला.

२ एप्रिल
म्हैस चार दिवस खात नाही. रवंथ बंद. सरकारी डॉक्टर पोट उघडायचं म्हणतात. उष्णता असणार. शिवकन्या माझ्याशी बोलत नाही. तीही उष्णताच.

४ एप्रिल
पोट उघडलं. मला ओकारी झाली, म्हशीच्या शेजारीच. डॉक्टरांनी तारेचे नऊ तुकडे काढून माझ्या हातावर ठेवले. एक काळजाच्या दिशेने निघाला होता म्हणे. एकालाही गंज नाही. ही क्वालिटी बद्रीनाथला दाखवली, तर तो उठून गेला.
म्हैस जगेल. दूध आटलं. काळा चहा प्यालो.
शिवकन्याने विचारलं, संस्थेची मीटिंग कवा असती? कायद्याने एक बाई लागते म्हणून तिला संचालक मीच केलंय. सहीसुद्धा तिची मीच करतो. म्हणालो, बारा तारखेला, पण तुला यायची गरज नाही. का म्हून? म्हणाली.

१२ एप्रिल, सायंकाळी ५
आली. छावणीतून थेट, हात शेणाचे. बद्रीनाथने ठराव मांडला: मशीन बंद करावे व अध्यक्ष माणिकराव यांना पदावरून दूर करावे. अनुमोदक कोण, असं मीच विचारलं. अध्यक्षाने विचारायचं असतं.
शिवकन्या उभी राहिली. म्हणाली, म्हस चार दिस उभी व्हती. दुखायचं म्हणून एकदाबी खाली बसली न्हाई. माझं अनुमोदन हाय.
मला तिच्याकडे बघवेना. लाज वाटली, हे इथे लिहायला हरकत नाही. पण सभा चालवायची होती. म्हणालो, बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. सगळ्यांचे झाले. सहकारात बावीस वर्षं काढली, हाताला सवय; माझाही वर गेला.
बद्रीनाथने लिहून घेतलं, ठराव एकमताने मंजूर.