शेडपर्यंत वीज

९ नोव्हेंबर, सोमवार

मार्चनंतर आज ही वही उघडली. कारण काही नाही, आळस — नाही, हेही पूर्ण खरं नाही. लिहायला बसलं की स्वतःला जाब द्यावा लागतो, तो टाळत होते. माफी असावी.

बाबांना परसातल्या शेडमध्ये बसायचंय. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. दुकान सोडलं तरी ओळखीचे लोक अजून मशिनं आणून देतात. आत्तापर्यंत पुढच्या खोलीतलं टेबल पुरत होतं. आता एकदम शेड हवी. "इथे सारखी वर्दळ असते." कुणाची वर्दळ? घरात आम्ही दोघंच.

आज ऑफिसातून आले तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शनची वायर बाहेर गेलेली, ओल्या गवतावरून थेट शेडमध्ये. मध्ये एक जोड, त्यावर चिकटपट्टी. आत बाबा मांडीवर मशीन घेऊन मजेत. मी ओरडले. हवं त्यापेक्षा जास्त ओरडले. "तात्पुरतं आहे गं," म्हणाले. आमच्या घरात तात्पुरतं म्हणजे काय ते मला माहीत आहे. न्हाणीघराचं दार गेली कित्येक वर्षं तात्पुरतं सुतळीने बांधलेलं आहे.

वायर काढली. द्यायची तर वीज नीट द्यायची.

११ नोव्हेंबर, बुधवार

वायरमन येऊन गेला. तोंडाचा पट्टा अखंड चालू. मी फार प्रश्न विचारले बहुतेक — "ताई, शेड आहे ना ही? की कारखाना काढताय?" पण बेत ठरला. मुख्य बोर्डातून शेडसाठी वेगळा ब्रेकर. तिथून जमिनीखालून जाड, लोखंडी कवचाची केबल. शेडमध्ये छोटा बोर्ड, त्यात वीज कुठे गळली तर तत्क्षणी पडणारा स्विच. शेडला स्वतंत्र अर्थिंग.

दादाचा फोन. "या वयात वीज कसली देतेस त्यांना? पेपर दे हातात, बसव घरात."

"पेपर वाचत नाहीत ते हल्ली."

"एकदा जरी काही झालं ना, शेडला कुलूप. मी स्वतः येऊन लावीन."

"लाव," म्हटलं खरं. पण बाबांची शेड गेली तर बाबांचं काम गेलं, आणि काम गेल्यावर ते दिवसभर काय करतील हे दादाला बघायचं नाहीये, मला बघायचंय.

१५ नोव्हेंबर, रविवार

चर खणून घेतला. वायरमनच्या मते गरजेपेक्षा खोल. "केबल पुरायची आहे ताई, खजिना नाही." मी हटले नाही. उद्या कुणी रोप लावायला कुदळ मारली तर? तळाशी वाळू, मग केबल, पुन्हा वाळू, वर विटा आणि धोक्याची पिवळी पट्टी. बाबा खुर्ची टाकून देखरेखीला. संध्याकाळी दिवा लागला तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांनी.

त्या गळतीच्या स्विचवर एक बारीक बटण असतं. दाबलं की स्विच पडायला हवा, म्हणजे तो काम करतोय हे कळतं. महिन्यातून एकदा दाबायचं. बाबांना करून दाखवलं, त्यांच्याकडून करवून घेतलं, वर बोर्डाशेजारच्या फळीवर खडूने लिहिलंसुद्धा — महिन्यातून एकदा बटण दाबणे. वायरमन म्हणाला, "तोंडी परीक्षा पण घ्या काकांची."

१७ नोव्हेंबर, मंगळवार

बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी. "अगं, लाईट गेली." जाऊन पाहिलं, गळतीचाच स्विच पडलेला. वर केला, राहिला. म्हणजे कुठेतरी गळतंय!

१८ नोव्हेंबर

पुन्हा. संध्याकाळी परत एकदा.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

वायरमनने केबल तपासली, अर्थिंग मोजलं. सगळं ठीक. मी म्हटलं, घाईत एखादा जोड सैल राहिला असेल. त्याने बोर्ड उघडून एकेक स्क्रू माझ्यासमोर पिळून दाखवला. जाताना "येतो" म्हणाला नाही.

शंका घेणं चुकलं का? नाही. सूर चुकला.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

मोटर, पंखा, सोल्डरिंगचं हत्यार — सगळं काढून ठेवलं. नुसत्या दिव्यावरही स्विच पडतो. बाबांना विचारलं, तुम्ही काही केलंत का?

"मी कशाला काही करतोय?" दुखावले.

दादा : "मग? कुलूप आणू का येताना?" फोन ठेवून दिला.

चर उकरायला हवा. दुसरं काही सुचत नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी कुदळ घेऊन शेडच्या मागे गेले. खिडकीतून बाबा दिसले. समोर मशीन सुटं करून ठेवलेलं, गेल्या रविवारी सुटं केलं होतं तेच. त्यांची नजर फळीवर गेली. चष्मा सरकवून खडूचं वाचलं. आज्ञाधारकपणे उठले, बटण दाबलं. दिवा गेला. जरा वेळ तसेच उभे राहिले. मग दारात येऊन घराकडे तोंड करून — "अगं, लाईट गेली बघ पुन्हा."

खोटं बोलत नव्हते. त्यांच्या दृष्टीने ती आपली आपण गेली होती.

मी आत जाऊन स्विच वर केला. खडूचं लिहिलेलं ओढणीने पुसलं. ते विचारत होते, "काय गं, सापडलं का?" सापडलं, म्हटलं.

वायरमनला फोन करून क्षमा मागितली. "अहो ताई, लाईट चालू आहे ना? मग झालं तर."

२२ नोव्हेंबर, रविवार

बाबांना सांगितलं. ऐकून घेतलं, हातातला स्क्रू फिरवत राहिले. "असेल," एवढंच. डॉक्टरांकडे येता का? "नेलंस तर येईन."

दादाला कळवलं — वीज ठीक आहे. बाकीचं फोनवर नको, ये. कुलूप आणू नकोस.

२३ नोव्हेंबर, सोमवार

चहाचा कप न्यायला शेडमध्ये गेले. बाबा मान वर न करता म्हणाले, "तोच भाग दहादा लावतो आणि काढतो मी. पुढच्या खोलीत तुला दिसलं असतं. म्हणून इथे आलो होतो." थोड्या वेळाने म्हणाले, "आता कळलंच आहे, तर बसत जा की."

उद्या : शेडमध्ये दुसरी खुर्ची नेणे.