कोरं मशीन

मंगळवार, दिवेलागण

सकाळी परत नापास! फाइली वाटायचा एवढासा वेब सर्व्हर, तो एका ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांनी मिळून फुकट बनवलेल्या, सिस्टिमसाठी पॅकेज करतोय, म्हणजे कुणालाही थेट टाकता येईल असा बांधून देतोय, आणि तिथला पॅकेजं तपासणारा दर वेळी एकच ओळ लिहितो: "कोऱ्या मशीनवर लावून बघा." म्हणजे आधीचं काहीच टाकलेलं नाही अशा कॉम्प्युटरवर. त्याचं फुकटचं काम आहे, मान्य. मग मी काय पगार घेतोय? माझ्याकडे तर चालतंय.

दुपारी त्याला लांबलचक उत्तर झाडलं. "तुम्हाला दुसरी कामं नाहीत का," हेसुद्धा लिहिलं. बरं वाटलं.

मग तेच पॅकेज घेऊन शुक्रवार पेठेत दाजींच्या दुकानात. चादरींची डिझाइनं एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायला त्यांनाच तर हे हवं होतं. म्हटलं, इथं चालवतो आणि त्या शहाण्याला फोटो पाठवतो. त्यांच्या नव्या कॉम्प्युटरवर टाकलं. सुरूच होईना. एक लायब्ररी, म्हणजे सर्व्हरला लागणारा जोडप्रोग्रॅम, नाही म्हणे. माझ्या कॉम्प्युटरवर ती कधीची पडून आहे, म्हणून पॅकेजच्या 'हे लागेल' यादीत तिचं नाव घालायचं सुचलंच नाही.

"घरी चालतंय की, दाजी."

"तुज्या घरी चालतंय, त्येचं मला काय? मी हितं बसलोय."

कोरं मशीन! घरी येऊन यादीत लायब्ररीचं नाव घातलं, परत तपासायला पाठवलं. माफी मागितली नाही, मागणारही नाही.

लगेच पास केलं त्यानं. "कोऱ्या मशीनवर चाललं." बस, एवढंच. त्याच पानावर, त्याच्या ओळीच्या वर, माझं दुपारचं उत्तर माझ्या नावानिशी तसंच आहे, सगळ्यांना दिसतंय, पुसताही येत नाही. एक शब्द तरी उलटून बोलायचा होता हलकटानं.